रणगाडा विकायचा आहे

लेन्स विकायचं तिने ठरवलं तेव्हा घरच्यांना हायसं वाटेल अशी तिची समजूत होती. त्या लेन्सला नावं ठेवली नाहीत असं घरात कुणी नव्हतंच. घर दोन खोल्यांचं. राहणारी माणसं तीन: ती, नवरा आणि सासूबाई. आणि पलंग आणि कपाट यांच्या बेचक्यात लेन्सची काळी पेटी, चौथ्या माणसासारखी ठाण मांडून बसलेली. पेटी कपाटात मावत नव्हती आणि पलंगाखाली सरकत नव्हती. येता-जाता सासूबाईंची करंगळी तिच्यावर आपटायची आणि मग दिवसभर घरात कण्हणं चालायचं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. चिडली की तीसुद्धा म्हणायची. लेन्सचं नाव ‘रणगाडा’ त्यानेच ठेवलं होतं. कुठे गावाला जायचं ठरलं की तो विचारायचा, "मी येऊ का रणगाडा येणार आहे? तसं सांग, म्हणजे मी तिकीट काढत नाही."

लेन्स होतीच तशी. हातभर लांब, तोंड ताटलीएवढं, आणि वजन असं की तासभर खांद्यावर घेतली तर अंगाखांद्यावर पोर झोपल्यासारखं वाटावं. वर्तमानपत्रात खेळांचे फोटो काढायची नोकरी होती तेव्हा ती ही लेन्स घेऊन मैदानाच्या कडेकडेने पळायची, म्हणून ऑफिसात तिला खारूताई म्हणत. मैदानाच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या गोलरक्षकाच्या भुवईवरचा घाम ती टिपायची. पुढे वर्तमानपत्राने खेळाचं पान अर्ध्यावर आणलं, फोटो बाहेरून घ्यायला सुरुवात केली आणि खारूताईला पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. आता ती नळ, शॉवर आणि कमोडची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगचे फोटो काढत होती. नळ पळत नाही. त्याला समोर ठेवून टिपायला तळहाताएवढी लेन्स पुरते.

त्यात उजवा खांदा धरला होता. केस विंचरायला हात वर जाईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी खांदा दाबून बघितला, लेन्सचं वजन विचारलं आणि म्हणाल्या, खांदा ठेवायचा की ती वस्तू ठेवायची ते घरी जाऊन ठरवा, दोन्ही जमणार नाही.

तिने ठरवलं. लेन्सचे चारही बाजूंनी फोटो काढून जाहिरात टाकली आणि रात्रीच्या जेवणाला बातमी सांगितली. मास्तरने घास खाली ठेवला. सासूबाई म्हणाल्या, वस्तू पडून राहिली तर काही खायला मागत नाही. मास्तर म्हणाला, घाई कशाला, वर्षभर बघू. ती दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्यांनी त्या पेटीच्या नावाने बोटं मोडली, तेच आता तिची वकिली करत होते.

फोन मात्र धडाधड यायला लागले. एकाला ती मोबाइलला बसेल का हे हवं होतं. एकाला विकत नको होती, पुतणीच्या लग्नापुरती हवी होती. एक दातांचे डॉक्टर सहकुटुंब बघायला आले. त्यांच्या बायकोने, मेहुणीने आणि मेहुणीच्या नवऱ्याने पाळीपाळीने खिडकीतून समोरच्या इमारतीत डोकावून घेतलं, एका घरातला भिंतीचा रंग सगळ्यांना आवडला, आणि मग डॉक्टर म्हणाले, छान आहे, पण जरा मोठी आहे. त्यानंतर एक गृहस्थ आले. त्यांना लेन्सबरोबर पेटी, ट्रायपॉड, शिकवणी आणि आवडली नाही तर महिन्याभराने परत करायची मुभा, एवढं सगळं त्याच भावात हवं होतं. त्यांना दारापर्यंत पोचवून ती आत आली तेव्हा मास्तर खुशीत शीळ घालत होता. तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की शीळ अर्ध्यावर थांबली.

मग क्रेनवाले काका आले. बंदरात उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांनी उभा जन्म काढला होता आणि नुकतेच निवृत्त झाले होते. पायपुसण्यावर पाय नीट पुसून ते आत आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. ते ऐकून ती मनातल्या मनात कपाळाला हात लावणार होती, एवढ्यात ते स्वतःच म्हणाले, कॅमेरा जावई आणून देणार आहे, तो कसला घ्यायचा तेवढं सांगा. त्यांचं घर टेकडीवर होतं आणि खिडकीतून सगळं बंदर दिसायचं. क्रेनवरून त्यांनी माणसं नेहमी मुंगीएवढीच पाहिली होती. हा कोण, तो कोण हे चालीवरून आणि हेल्मेटच्या रंगावरून ओळखायचे. आता बसल्या जागेवरून चेहरे बघायचे होते.

ती प्रामाणिकपणे म्हणाली, "काका, मग दुर्बीण घ्या ना. स्वस्तात पडेल."

काकांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "दुर्बीण आहे घरी. पण या हातांनी धरली की बंदरात भूकंप होतो. फोटो तरी एका जागी थांबेल."

तिने लेन्स ट्रायपॉडवर चढवून खिडकीशी लावली, आपला कॅमेरा जोडला आणि वायरीच्या टोकाचं बटण काकांच्या हातात दिलं. रस्त्याच्या पार टोकाला बेकरीच्या छपरावर एक माणूस पाटी बसवत होता. काकांनी हातातलं बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो बराच वेळ पाहिला.

"हा चिडलाय," ते म्हणाले. "वरून मला नुसता पाटी लावणारा दिसला असता."

शनिवारपर्यंत घरी विचारून कळवतो, तोवर कुणाला देऊ नका, असं सांगून ते गेले. ती हो म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, लेन्स जाईल तिथे तिचा उपयोग होईल असं तिला वाटलं.

शनिवारी फोन आला नाही. रविवारीही नाही. माणसं अशीच, गोड बोलतात आणि गायब होतात, असं ती सासूबाईंना तावातावाने सांगत राहिली आणि सासूबाई मान डोलावत राहिल्या. मास्तर वह्या तपासत होता. त्याने मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात ती कंपनीच्या स्टुडिओत एका शॉवरचा फोटो काढत असताना काकांचा फोन आला. अवघडल्या आवाजात ते म्हणाले, लेन्स ज्यांनी घेतली त्यांचा नंबर मिळेल का? एक दिवसापुरती मागून बघितली असती. तिला काही उमजेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, शनिवारी मी फोन केला होता, तुमच्या घरच्यांनीच सांगितलं की विकली गेली.

शनिवारी ती आंघोळीला गेली तेव्हा फोन टेबलावर होता आणि टेबलाशी मास्तर होता. काकांना तिने एवढंच सांगितलं की काहीतरी गैरसमज झालाय, मी कळवते. मग त्या शॉवरचे ओळीने वाकडे फोटो काढले, कंपनीच्या माणसाची बोलणी खाल्ली आणि घरी आली.

मास्तरने नाकारलं नाही. आधी म्हणाला, मला तो माणूस घेण्यातला वाटला नाही. मग म्हणाला, तुला नंतर पश्चात्ताप झाला असता. तिने दोन्ही कारणं झटकून टाकली तेव्हा तो पलंगावर बसला आणि खरं ते बोलला.

"शाळेत तुझे फोटो मी फळ्यावर लावायचो. लोक विचारायचे, कुणी काढला? आता काय सांगू, हा नळ माझ्या बायकोने काढलाय?"

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून भांड्यांचा आवाजही येईना.

तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी राग आला. ती म्हणाली, "मी सामन्यांना जायचे तेव्हा रविवारी घरी नसते म्हणून भांडायचास. आता घरी असते तर फळा रिकामा राहतो म्हणून रडतोस. त्या नळावर आपल्या घराचं भाडं निघतं, मास्तर. आणि खांदा माझा दुखतो, तुझा नाही."

मग तिने फर्मान काढलं. येत्या रविवारी क्लबाच्या मैदानावर मुलींचा फुटबॉल सामना आहे. ती फोटो काढायला येईल. पण रणगाडा तो उचलेल, घरापासून मैदानापर्यंत आणि मैदानापासून घरापर्यंत. मग काय ते ठरवू.

रविवारी मास्तर मोठ्या उत्साहाने पेटी उचलून निघाला. बस थांब्यापर्यंत उजव्या हातात, बसमध्ये मांडीवर, उतरल्यावर डाव्या हातात, आणि मैदानाच्या फाटकाशी दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून. पेटीचा कोपरा एकाच्या गुडघ्याला लागला आणि त्या माणसाने पेटीऐवजी मास्तरला सुनावलं. ती मागून चालत होती. मदतीला हात पुढे करायचा तिला मोह झाला, पण तो तिने आवरला.

लेन्स एका पायाच्या स्टँडवर टेकवून ती कडेला बसली. पहिल्या अर्ध्या खेळात तिने फोटो काढले. ते चांगले आले. हेच तिला सगळ्यात जास्त खटकलं. हात विसरला असता तर विषय संपला असता. मन उचंबळून आलं असतं तरी संपला असता. पण हात सगळं जाणत होता आणि मन जागच्या जागी होतं.

मध्यंतरानंतर तिने कॅमेरा बाजूला ठेवला आणि नुसतं बघायला लागली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतके सामने करूनही तिने एकही सामना पाहिला नव्हता. लेन्समधून एका वेळी एकच माणूस दिसतो. आता सगळं मैदान दिसत होतं. चेंडूपासून पार लांब एक जाडसर बचावपटू होती. सारखे मोजे वर ओढायची आणि ओरडून ओरडून आपल्या मागच्या रांगेला पुढे-मागे हलवायची. चेंडू तिच्याकडे क्वचितच आला, पण सामना तीच चालवत होती. तिचा फोटो कुठल्याच पानावर छापून आला नसता, आणि खारूताईने तो काढलाही नसता.

गोल झाला तेव्हा मास्तर बाजूला उभा राहून कॅमेऱ्याकडे हात करत होता. "काढ, काढ लवकर." तिने हात हलवला नाही.

"गेला की," तो हळहळला.

"मी बघितला ना," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मास्तर पेटी घेऊन मागे मागे चालला. एक तर दमला होता, आणि दुसरं म्हणजे त्याला कळलं होतं. घरी आल्यावर त्याने पेटी बेचक्यात ठेवली, पाठीला हात लावून सरळ झाला आणि म्हणाला, त्या काकांना फोन करतेस का? ती म्हणाली, खोटं तू बोललास, खरंही तूच सांग.

मास्तरने फोन लावला आणि विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांसमोर बोलावं तसं सगळं सांगितलं. काका रागावले नाहीत, पण उलटंच झालं. ते म्हणाले, तुमच्या घरात या वस्तूवरून वाद झालेला दिसतो, मग मला ती नको. दुसऱ्याच्या घरात भांडण लावून आणलेली वस्तू लाभत नाही. मास्तरने विनवण्या केल्या. मग तिने फोन घेतला आणि सांगितलं की मी मनापासून देतेय. काका म्हणाले, ताई, तुम्ही आठवडाभर विचार करा. तिने फोन कानापासून लांब धरला आणि डोळे मिटून घेतले. विकत घेणाऱ्याचं मन वळवण्यासाठी आणखी आठवडाभर थांबायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

सासूबाईंनी तिच्या हातून फोन काढून घेतला.

"अहो, मघाशी बोलला त्याची आई बोलतेय," त्या म्हणाल्या. "भांडण तुम्ही लावलं नाहीत, ते आमच्याकडे आधीपासून आहे. पेटी घेऊन गेलात तर निदान एक विषय कमी होईल. उद्या या."

पलीकडून काय उत्तर आलं ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण सासूबाईंनी फोन परत देताना सांगितलं की तुम्हीच दोघांनी उद्या संध्याकाळी पेटी घेऊन टेकडीवर जायचंय. काकांच्या हातांना चढावर ती झेपणार नाही.

मास्तरने पेटी वर नेली. काकांच्या खिडकीत तिने ट्रायपॉड लावला, जावयाने आणलेला कॅमेरा जोडला आणि कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. काकांच्या बायकोने चहा दिला. ही अवजड नळी घरात कुठे ठेवायची, असा प्रश्न त्या माउलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तो चेहरा ती चांगलाच ओळखत होती, म्हणून तिने तिकडे बघायचं टाळलं.

खाली धक्क्यावर पिवळं हेल्मेट घातलेली एक बाई हातांनी खुणा करत होती. काका म्हणाले, कामाची शेवटची बरीच वर्षं हिच्याच हातांवर काढली. हात वर म्हणजे उचल, आडवा म्हणजे थांब. हिच्या खुणेवाचून मी एक खोकं हलवलं नाही. त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर वाकून पाहिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं. मग मागे रेलून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हिचं तोंड बघा," ते म्हणाले. "हात एवढे शांत आणि तोंडाने शिव्यांची लाखोली. म्हणजे इतकी वर्षं ही मलाच शिव्या घालत होती."

बायको चहाचा कप हातात धरूनच बघायला धावली. मास्तरनेही वाकून पाहिलं. तिला मात्र पुढे जावंसं वाटलं नाही. ती मागे उभी राहून काचेतून खालचं अख्खं बंदर बघत राहिली: क्रेन, खोकी, बोटी, आणि त्यात कुठेतरी एक पिवळा ठिपका.

टेकडी उतरताना मास्तरचे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं. तिचा राग पुरता गेला नव्हता. फोनचा गेला होता, नळाचा राहिला होता, आणि ते तिने त्याला सांगितलंही. त्याने विचारलं, उद्या कुठला नळ आहे.

"नळ नाही. बेसिन."

"मी येऊ का बघायला? उद्या शाळेला सुट्टी आहे."

तिने थोडा विचार केला. "ये," ती म्हणाली, "पण तिथे मला फोटो कसा काढायचा ते शिकवू नकोस."

तो हो म्हणाला. शब्द पाळेल याची तिला खात्री नव्हती.