पान सतरावरची पस्तीस मिनिटं

त्या रविवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली आणि दारात आईच्या टीमचे प्रमुख उभे. निळा टाय, तोही रविवारी! केस असे चापून बसवलेले की माशी बसली असती तर घसरून पडली असती. मी त्यांचं नाव तिथल्या तिथे 'चकचकीत' ठेवलं.

आधी आईचं सांगते. आई पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून तिचं मन भरत नाही की काय कोण जाणे, पण गेली पाच वर्षं ती एका गुणवत्ता पुरस्कारासाठी परीक्षक म्हणून काम करते, आणि तेही फुकटात. कंपन्या अर्ज करतात, तिघांची टीम तो वाचते, कंपनीत जाऊन स्वतः बघते, गुण देते. मिळतं काय, तर प्रवासखर्च आणि पाठीवर थाप. नियम मात्र विचारू नका! कंपनीकडून साधं पेनसुद्धा घ्यायचं नाही. नात्यातलं कोणी तिथे असेल तर आधीच सांगून बाजूला व्हायचं. कुठे गेलो, काय पाहिलं, हे नवऱ्यालाही सांगायचं नाही. आणि या सगळ्याखाली सही. एकदा एका कंपनीची डायरी चुकून आईच्या पिशवीत आली, तर दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती परत करून आली. बाबा म्हणाले, "अगं, मागच्या वर्षाची डायरी होती ती!" आई म्हणाली, "म्हणून काय झालं?"

आता माझा गुन्हा. आईचं टायपिंग म्हणजे तांदळातले खडे निवडणं. एक अक्षर सापडलं की चष्मा वर करून पुढचं शोधायचं. यंदा कारखान्यात दोघं रजेवर होते, ती रोज दमून यायची आणि शेरे पाठवायची तारीख डोक्यावर आली होती. "दे इकडे," मी म्हटलं. दोनदा ती नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तिने अर्ज आणि तिचे शेरे माझ्यापुढे सरकवले. "बोटांना कळलं तरी चालेल, डोक्याला कळता कामा नये."

"माझ्या डोक्यात काही शिरत नाही, असं तूच तर म्हणतेस."

पण ते शिरलं. अर्ज होता लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा. पान सतरावर ठळक अक्षरांत: लिफ्ट बंद पडल्याची तक्रार आम्ही सरासरी पस्तीस मिनिटांत सोडवतो. आईने तिथे जाऊन तक्रारींची वही पाहिली, तर दोन महिन्यांच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. एका मेकॅनिकने तिला सांगितलं होतं की मध्यंतरी एक आजोबा चार तास लिफ्टमध्ये अडकले होते. वहीत त्यांचीही पस्तीसच मिनिटं!

तर चकचकीत येऊन सोफ्यावर बसले. मी आतल्या खोलीत भूमिती सोडवत होते, म्हणजे दार किलकिलं करून ऐकत होते. बाबांनी चहाचा ट्रे ठेवला आणि आईने एकदा बघितल्यावर निमूट स्वयंपाकघरात पळाले.

"मॅडम, उद्या गुणांवर एकमत करायचंय," चकचकीत म्हणाले. "तुम्ही एकट्याच आडव्या आलात. म्हटलं, आधी बोलून घ्यावं."

"उद्या बोलू की, सर. तिघांसमोर. हे असं घरी येऊन बोलायचं नसतं."

"नवीन लोकांना नियम मी शिकवतो. मला नका शिकवू."

"मग तुम्हाला पाठ असतील."

चकचकीत हसले. कसलं हसू ते! दात दिसले, डोळे तसेच. "कंपनी चांगली आहे हो. पुढेमागे त्यांना सल्लागारही लागतील. तुम्हाला काय जन्मभर पंपच तपासायचेत?"

"त्यांनी तुम्हाला काही कबूल केलंय?"

"मी तसं म्हटलं का?"

"नाही. मग 'काही कबूल केलेलं नाही' असं तुमच्याकडून लिहून घेतलं तर चालेल का?"

कप बशीवर आदळला. चकचकीत यांचा आवाज एकदम खाली आला, आणि खाली आला तेव्हाच जास्त वाईट वाटायला लागला. "असं करू. उद्या मी सगळ्यांसमोर सांगतो, बाईंना कारखान्यातून वेळ मिळाला नाही. अर्ज नीट वाचला नाही, मनानेच लिहिलं. पस्तीस मिनिटांचा दावा अर्जात कुठेच नाही. आणि एका पेनाचं काय घेऊन बसलात? तुम्ही काय हस्ताक्षरतज्ज्ञ आहात?"

इथे माझं डोकं फिरलं. वर्गात हात वर करून बोललं तर आभाळ कोसळत नाही, हा शोध मला यंदाच लागलाय, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद म्हणून होत नाही. मी दार धाडकन उघडलं.

"पान सतरा! वरून तिसरी ओळ! ठळक अक्षरांत आहे! तुम्हीच वाचला नाहीत अर्ज, चष्मा बदला!"

मी कमरेवर हात ठेवून उभी, जणू मैदान मारलंय. मग मला आईचा चेहरा दिसला. भिंतीसारखा पांढरा.

चकचकीत अगदी सावकाश माझ्याकडे वळले. "बाळ, तुला कसं गं माहीत पान सतरा?"

"आत जा," आई म्हणाली. मी दारातच उभी राहिले.

"मुलीला अर्ज वाचायला दिलात, मॅडम? आणि मला नियम ऐकवता? वा!" त्यांनी टाय सारखा केला. "हे बघा, मी काही ऐकलं नाही. तुम्ही ते शेरे मागे घ्या. तुमचीही झाकली मूठ राहील."

आईने फोन उचलला. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने पुरस्काराच्या शिस्त समितीच्या बाईंना फोन लावला. "हो, रविवार आहे, माहीत आहे. दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली माझी." आणि तिने सगळं सांगितलं. किती तारखेला, किती पानं, मुलगी कितवीत आहे. एकदाही 'पण' म्हणाली नाही. "दुसरी गोष्ट म्हणजे, टीमप्रमुख आत्ता माझ्या घरात बसलेत. मी शेरे बदलावेत म्हणून आलेत."

"मूर्ख बाई!" चकचकीत ताडकन उठले. "नाव जाईल तुमचं यादीतून!"

"जाऊ दे. तुमच्या नावाच्या शेजारी होतं, एवढीच लाज वाटते."

दार एवढ्या जोरात आपटलं की बाबा बाहेर आले. "गेले?" त्यांनी विचारलं. आमचे चेहरे बघून ते परत आत गेले.

मग आई माझ्याकडे वळली. "तुला कोणी विचारलं होतं?"

"ते तुला खोटं पाडत होते!"

"पाडू दे ना! उद्या तिघांसमोर मी ते पान उघडून दाखवलं असतं. माझ्याकडे उत्तर होतं. तुझं तोंड नको होतं मला."

"मग टाइप कशाला करायला दिलंस?"

"ती माझी चूक. ती मी सांगितली. तुझी तू बघ."

चार दिवस आमचं सगळं बोलणं बाबांमार्फत. "तिला सांगा, डबा ओट्यावर आहे." "तिला सांगा, मला डोळे आहेत." बाबा बिचारे दोघींच्या मधे उभे. ऐकून घेत आणि मान हलवत.

गुरुवारी पत्र आलं. चकचकीत यांची चौकशी होणार होती आणि तोवर त्यांचं काम बंद. त्या कंपनीचा अर्ज नवी टीम तपासणार होती. आईचं नाव यंदापुरतं काढलं होतं. समितीच्या बाई फोनवर म्हणाल्या, गोष्ट घराबाहेर गेली नसेल तर पुढच्या वर्षी परत अर्ज करा, गेली असेल तर मग कठीण आहे. सोबत माझ्यासाठी एक कागद होता. काय वाचलं? कोणाकोणाला सांगितलं? खाली सही.

आई जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसली. चार दिवसांनी पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलली. "'कोणालाही नाही' असं लिही आणि सही कर."

मी पेन हातात धरून बसले. माझी मैत्रीण नवव्या मजल्यावर राहते. तिच्या लिफ्टमध्ये आरशाखाली त्याच कंपनीचा स्टिकर आहे. शेरे टाइप केले त्याच संध्याकाळी मी तिला म्हटलं होतं, जिन्याने जात जा, ही कंपनी वहीत खोटं लिहिते. आधी ती हसली होती. मग तिने तिच्या आईला सांगितलं.

'कोणालाही नाही.' दोनच शब्द तर होते. मैत्रीण काही शपथेवर सांगायला येणार नव्हती. आणि समोर आई बसली होती, पुढच्या वर्षाची वाट बघत. तिचं नाव माझ्यामुळे एकदा गेलंच होतं, आता दुसऱ्यांदा मीच घालवायचं? पण रविवारचा तिचा फोन माझ्या कानातून जाईना. त्यात 'पण' नव्हता.

मी लिहिलं: एका मैत्रिणीला सांगितलं.

आईने उलट्या बाजूने वाचलं. "कधी?"

"त्याच संध्याकाळी."

"आणि तिने?"

"तिच्या आईला."

आई माझ्याकडे अशी बघत राहिली की चकचकीत परवडले. मला वाटलं, आता कागद फाडणार. खरं सांगायचं तर फाडावा असंही वाटलं.

"तेही लिही," ती म्हणाली. "आणि यापुढे माझ्यासमोर त्या पुरस्काराचं नाव काढायचं नाही. कळलं?"

मी तेही लिहिलं. सही केली. आई पाकीट आणायला म्हणून चष्मा काढत आत गेली.

पाकिटं बाहेरच्याच कपाटात असतात.