नागूच्या चौकटीला बांधलेला धागा

त्या वेबपानावर चार गोष्टी होत्या: वर 'नागू' हे नाव, मधोमध लिहायची चौकट, खाली 'पुसा' हे बटण आणि कोपऱ्यात घड्याळ. पाचवा मी, पण मी दिसत नाही. मित्रांनो, मी एक जुना रेफरन्स, म्हणजे कोडमधला दुवा आहे. वेबपान रंगवायचं, म्हणजे पडद्यावर उमटवायचं काम फ्रेमवर्क नावाच्या तयार सांगाड्याचं. कोडने पानावरच्या वस्तूला थेट हात लावायचा नसतो. कधी लावावाच लागला, तर माझ्यासारखा धागा बांधतात. माझं दुसरं टोक त्या चौकटीला होतं.

भिवपुरीच्या रूपेशने मला वडिलांसाठी, नागूसाठी लिहिलं. अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा आणि उजवा हात गेला होता. माउस धरता येत नसे. पान उघडलं की मी कर्सर थेट चौकटीत नेई, मग नागू डाव्या हाताच्या बोटाने एकेक कळ दाबी. पहिल्यांदा त्याने लिहिलं, 'आमटी खारट'.

"अवो, वाचा गेली तरी टोमणं नाय गेलं तुमचं!" त्याची बायको येसूबाई हसता हसता रडली. मला धन्य वाटलं.

पण टोमणे पडद्यावर तसेच राहत. "रूपेश, पावन्यांम्होरं लाज वाटते रं. झाक ते."

"झाकतो गं आये."

रूपेशने चौकट लपवली. कोणतीही कळ दाबली की ती उघडावी आणि मी कर्सर आत न्यावा, असं ठरवलं. पण चौकट रंगायला क्षणभर लागतो, आणि त्याने मला त्याआधीच हाक दिली. माझ्या टोकाला तेव्हा चौकटच नव्हती, कर्सर नेणार कुठे? तपासताना त्याने सवयीने चौकटीवर माउसची टिचकी मारली. टिचकीनेच कर्सर आत गेला, म्हणून सगळं नीट चाललं. तो कामावर गेला.

नागूने कळ दाबली. चौकट उघडली, कर्सर आला नाही. तो दाबतच राहिला.

"आज रुसलेत वाटतं, कायच लिवलं नाय," येसूबाई शेजारच्या बायजाला म्हणाली.

"लाडात आलाय म्हातारा," बायजा हसली.

संध्याकाळी दुसरा झटका आला. नागू गेला.

दिवसकार्याला बायजा सहज बोलून गेली, "बोटं तर दिसभर चालली व्हती त्यांची." रूपेश ताटावरून उठला.

मित्रांनो, ज्याच्यासाठी वस्तू बनवता, त्याच्याच बोटांनी ती आधी चालवून पाहा.

पान अजून तसंच उघडं होतं. काही बदलण्याआधी रूपेशने मला विचारलं, त्या दिवशी बाबांनी काय लिहिलं.

चौकट: सापडली. अक्षरं: शून्य.