थोरला पाळण्यात बसला तो दिवस

मी एक जुना दोर आहे. लांबीला चांगला, जाडीला बरा आणि भरवशाला बेताचाच. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्ट ऐकताना तुम्ही उगाच माझं कौतुक करणार नाही.

माझा जन्म एका दोर वळणाऱ्या बाईच्या अंगणात झाला. तिने घायपाताच्या पानांतला धागा, म्हणजे वाख, झोडपला, धुतला, वाळवला आणि तीन पेड घालून मला असा पिळला, की हाडं असती तर मोडली असती. "याच्यावर माणूस लटकणार आहे, हात आखडता घेऊ नकोस," असं ती मुलीला बजावत होती. ते ऐकून माझी छाती फुगली. माणसाचा जीव आपल्या अंगावर तोलायचा, याहून मोठं काम दोराला कोणतं?

मला घेतलं दोघा भावांनी. विहिरी खणणं आणि जुन्या विहिरींतला गाळ उपसणं हा त्यांचा धंदा. थोरला खाली उतरायचा आणि धाकटा वर रहाटाच्या दांड्याशी उभा राहायचा. धाकटा एका पायाने अधू होता. माझ्या टोकाला एक मोठा फासा बांधलेला असे. त्यात मांड्या अडकवून माणूस बसतो आणि वरचा त्याला ओढून घेतो. विहीरवाले त्याला पाळणा म्हणतात.

पण थोरला त्या पाळण्यात कधी बसलाच नाही. विहिरीच्या दगडांत लोखंडी आकडे ठोकलेले असत. त्यांना धरून तो उतरायचा आणि संध्याकाळी धापा टाकत त्यांनाच धरून चढायचा. मी आपला गाळाच्या बादल्या ओढत राहिलो. एवढा चिखल अंगाला लागला, की माझं त्याच्याशीच लग्न लावून दिलंय की काय, असं वाटायचं.

याचं कारण मला थोरल्याच्या घरी कळलं. हातगाडी दाराला लागूनच उभी असायची आणि मी तिच्यात पडलेला असायचो. चर्चचे म्हातारे पाळक अधूनमधून येऊन बसत, तेव्हा जुन्या गोष्टी निघत. मी यायच्या आधी दांड्याशी थोरला असायचा आणि खाली धाकटा. एके दिवशी थोरला पिऊन आला, त्याचा डोळा लागला, हातातून दांडा सुटला आणि धाकटा पाळण्यासकट तळाशी आपटला. पाय कायमचा गेला. "दादा, मी तुला माफ केलं," हे धाकट्याने दवाखान्यातच सांगितलं होतं. थोरल्याने ते ऐकलं, पण घेतलं नाही. त्याने दारू सोडली. धाकट्याचं छप्पर स्वतः शाकारून दिलं. जोखमीचं काम आपल्याकडे ओढून घेतलं. रविवारी तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि येशूच्या आठवणीत वाटली जाणारी प्रभुभोजनाची भाकर जवळ आली, की मान खाली घालून ती पुढे जाऊ द्यायचा.

"अरे बाबा, तारण, म्हणजे पापातून सुटका, ही काय मजुरी आहे?" पाळक म्हणायचे. "येशूने ते कधीच देऊन टाकलंय. हात पुढे करायचा आणि घ्यायचं."

"घेईन की, पाळकसाहेब. आधी माझ्याकडून भरपाई होऊ दे."

"कशाने करणार भरपाई?"

यावर थोरला उठून पहारेला धार लावायला घ्यायचा. आतून त्याची बायको पुटपुटायची, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत." म्हण आमच्या घराण्यावरून काढलेली आहे, पण शोभते ती माणसालाच.

ज्याच्यावर जीव टाकायचा नाही, त्या दोराची काळजी कोण करतो? थोरला मला ओलाच गुंडाळून हातगाडीत पोत्यांखाली कोंबायचा. "बादल्यांपुरता चालतोय," म्हणायचा. आतल्या आत माझा एक पेड कुजला. वरून दिसत नव्हतं. मला मात्र रोज कळत होतं, आणि दोराने सांगायचं कोणाला?

मग तो दिवस आला. दवाखान्यामागची जुनी, खोल विहीर होती. दुपारी वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, जेवणाचे डबे घेऊन आली होती. थोरला तळाशी पहार मारत होता. एकाएकी झरा फुटला. एका बाजूचे दगड फुगल्यासारखे पुढे आले आणि धडाधड कोसळले. लोखंडी आकडेही त्यांच्याबरोबर गेले. थोरला भिंतीला चिकटून वाचला, पण चढायला काही उरलं नाही. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि वाढत होतं.

"दादा, दोर सोडतोय! पाळण्यात बस!"

मी खाली आलो. विहीरवाल्यांची एक रीत असते, आधी अवजार वर जातं, मग माणूस. थोरल्याने मला पकडलं आणि पाळण्यात पहार बांधली. धाकट्याने ती ओढून घेतली. मी पुन्हा खाली गेलो. थोरल्याने फावडं बांधलं. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा पाणी कमरेला होतं, आणि त्याने गाळाने भरलेली बादली अडकवली. मी हताश झालो. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस चिखल वर पाठवत होता!

"चिखल पाठवलास?" धाकटा रडत ओरडला. "दादा, तुला वेड लागलंय का? बस ना त्यात!"

"दोर आतून कुजला असणार, मीच तो ओला ठेवत आलोय! आणि तुझा पाय टिकायचा नाही. मी तुलाही खाली ओढीन. एकदा पाडलंय तुला, ते पुरे आहे!"

"मी खांबाला बांधून घेतोय!" हातगाडीची साखळी काढून धाकट्याने स्वतःला रहाटाच्या खांबाशी जखडून घेतलं. "आता गेलो तर दोघंही जाऊ. बस!"

"माझी लायकी नाही रे!"

"लायकी कोण विचारतंय? माफ केलंय तुला, इतकी वर्षं सांगतोय! किती वेळा हा पाळणा वर ओढून रिकामा करू?"

"अहो, बसा हो," वहिनी काठावर आडवी पडून किंचाळली. "तुमच्या पाया पडते, बसा!"

पाणी छातीला लागलं. थंडीने थोरल्याची बोटं वळेनाशी झाली. मी त्याच्या समोर तरंगत होतो आणि तो भिंतीचा एक दगड कवटाळून उभा होता. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझी भीती वेगळीच होती. तो बसला नाही तर बुडणार, आणि बसला तर कदाचित मीच त्याला मारणार.

मग त्याने दगडावर कपाळ टेकलं. तो हळूच बोलला, पण मी जवळ होतो. "प्रभू, माझ्याच्याने भरपाई होत नाही. काहीच होत नाही. मी असा आहे तसा मला घे." त्याने दगड सोडला आणि पाळण्यात मांड्या घातल्या.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर माणूस लटकला. रहाट करकरला. थोरला अर्ध्या वाटेवर असताना, काठाच्या जरासा खाली, माझा कुजका पेड तुटला. दुसरा उसवायला लागला. मी संपलो, असं मला वाटलं. तेवढ्यात धाकट्याने दांडा वहिनीच्या हाती दिला, खाली वाकून मला तुटल्या जागेच्याही खाली पकडलं आणि आपल्या दंडाभोवती गुंडाळलं. त्याची कातडी सोलली, माझ्यावर त्याचं रक्त आलं, तरी तो ओढत राहिला. थोरल्याचं डोकं काठावर दिसलं, तेव्हा वहिनीने त्याला केसांना धरून बाहेर घेतलं.

थोरला तापाने फणफणला. पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन घरी आले.

"आता मी काय करायचं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

त्याचे दोन्ही तळवे सुजले होते. त्याने ते पुढे केले आणि लहान मुलासारखा हुंदके देत ती भाकर खाल्ली. दारात धाकटा उभा होता, हात गळ्यात बांधलेला. "बरं झालं," एवढंच म्हणाला आणि स्वतःही रडायला लागला.

मला देव्हाऱ्यासारखं भिंतीवर मिरवायचं थोरल्याच्या मनात होतं. धाकट्याने ते ऐकलं नाही. त्याने मला कापून विहीरवाल्यांच्या टाकाऊ दोरांच्या ढिगात टाकलं, कारण माझ्यावर पुन्हा कोणाचा जीव टांगायचा नव्हता. त्याचं बरोबर आहे. मी तुटलो होतो. थोरला वर आला, तो धरणाऱ्याच्या हातामुळे.

मित्रांनो, दोर ओला ठेवू नका, तो उन्हात वाळवा. आणि दुसरी विनवणी जरा मोठी आहे: वरून दोर आला, की आवरत बसू नका. या ढिगात माझ्याआधी पडलेला, दुसऱ्या विहीरवाल्यांचा एक दोर आहे. त्याच्या विहिरीतला माणूसही "थांब, थोडं आवरून घेतो" म्हणत होता. वरचे लोक शेवटपर्यंत हाका मारत राहिले. तो दोर चांगला मजबूत आहे, अजून एकही पेड तुटलेला नाही. त्याला रिकामंच वर ओढून घ्यावं लागलं.