बसायच्या जागांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सध्या शिलाई मशीनच्या टेबलाखाली राहतो. माझ्या डाव्या अंगाला पोचा आला आहे, आणि पंखा सुरू होताना कोणी घसा खाकरावा तसा आवाज होतो. तरी रोज चाळीसेक माणसे माझ्याकडे नकाशा मागतात आणि मी त्यांना तो काढून देतो. हे काम माझ्या वाट्याला कसे आले ते ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका कामगार मुलीने माझे शेवटचे चार स्क्रू आवळले आणि पाठीवर थाप मारून मला खोक्यात ठेवले. पुढची नऊ वर्षे मी एका एक्स-रे केंद्राच्या खिडकीपाशी लोकांची नावे छापत बसलो होतो. मग तिथे माझ्याहून सडपातळ आणि चपळ संगणक आला. गरज सरो, वैद्य मरो! माझी रवानगी माळ्यावर, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला झाली. अकरा महिने मला कोणी साधे पुसलेही नाही.

तिथल्या संगणकांची देखभाल करणाऱ्या मुलीने मला खाली उतरवले. केंद्राच्या मालकांना विचारून तिने मला आपल्या मावशीकडे नेले, तेही गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून! ही मावशी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो.

बाईंच्या यजमानांना सगळे काका म्हणतात. त्यांनी एकतीस वर्षे शहराची बस चालवली. निवृत्तीनंतर वर्षभरातच हृदय कुरकुरू लागले. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, पण दमलात की लगेच बसा." एके दिवशी काकांना रस्त्यात धाप लागली. बसायला काही नव्हते, म्हणून ते फुटपाथवरच टेकले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटले, गृहस्थ पिऊन पडले आहेत. कोणीतरी हसलेही. त्या दिवसापासून काकांनी उंबरठा ओलांडला नव्हता. न्हावीसुद्धा घरी येई.

बाईंनी फोनवरच्या नकाशात बाक शोधून पाहिले. दुकानांची नावे ठळक, बाक मात्र असलाच तर मुंगीएवढा. तेव्हा त्यांनी भाचीला विचारले, "मला हवा तसा नकाशा मीच नाही का काढू शकत?"

"काढू शकतेस की, मावशी. लोकांनी आपापल्या गल्ल्या नोंदवून ठेवल्यात, ती माहिती सगळ्यांना खुली आहे. ती रंगवणारं सॉफ्टवेअरही खुलं आहे. फक्त सतत चालू राहील असा एक संगणक पाहिजे."

तो संगणक मी! काम असे, की रस्ते, पूल, झाडे, बाक यांची माहिती माझ्या पोटात व्यवस्थित लावायची. कोणी फोनवर नकाशा उघडला, की तेवढ्या भागाचे छोटे चौकोन रंगवून पाठवायचे. रंगवलेला चौकोन मी जपून ठेवतो, म्हणजे तोच पुन्हा मागितला तर नव्याने रंगवायला नको.

सांगायला सोपे, पण बाईंनी उत्साहाच्या भरात अख्ख्या देशाची माहिती माझ्यात ओतली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी धापा टाकल्या आणि शेवटी मान टाकली.

"अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत," भाची फोनवर हसली. "आपल्या शहरापुरता तुकडा घे."

तुकडा पचला. बाईंनी श्वास रोखून नकाशा उघडला. रस्ते उमटले, नदी उमटली, पण नावांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी! माझ्याकडे आपल्या लिपीची अक्षरेच नव्हती.

"अहो, बघा तरी," बाईंनी काकांना हाक मारली. "शहर आहे, पण कोणाला नावच नाही."

काका कितीतरी दिवसांनी हसले. "बरं आहे. मला तरी कुठे कोण ओळखतंय आता!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच दुपारी अक्षरे आणून बसवली. मग दुकाने पुसट केली, अक्षरे मोठी केली आणि बाकासाठी टपोरा जांभळा ठिपका ठरवला. त्यानंतर दोन महिने त्या रोज सकाळी पायपीट करत. सार्वजनिक बाक त्या सगळ्यांना खुल्या असलेल्या नकाशात नोंदवत, आणि तिथून ती नोंद माझ्यात येई. बाक नसेल तिथे औषधाच्या दुकानात, शिंप्याकडे, छापखान्यात विचारत, "आमचे मिस्टर इथं दोन मिनिटं टेकले तर चालेल का?" 'चालेल' म्हणणाऱ्यांची त्यांनी माझ्यात वेगळी यादी केली.

एका सकाळी काकांनी फोनवर तो नकाशा उघडला आणि बराच वेळ निरखला. घरापासून न्हाव्यापर्यंत सहा ठिपके होते.

"सहा थांबे," ते म्हणाले. "बस दर थांब्याला थांबते, तिला कोण हसतं?"

ते पायांत चपला घालून निघाले. दीड तासाने केस कापून परतले तेव्हा बाईंनी दारातच तोंडाला पदर लावला. "दाढीपण केली," काका म्हणाले.

हळूहळू हा नकाशा शेजारीपाजारी पोचला. गुडघेदुखीच्या आजी, दिवस भरत आलेली शिक्षिका, सगळे माझे चौकोन मागू लागले. मी फुशारलो. आणि तिथेच घात झाला.

जपून ठेवलेल्या चौकोनांनी माझे पोट गच्च भरले. नवी माहिती घ्यायला जागाच उरली नाही. तीन आठवडे मी जुनेच चित्र दाखवत राहिलो, आणि बाईंच्याही ते ध्यानात आले नाही. या काळात पाइप टाकण्यासाठी टपाल कचेरीसमोरचा बाक उखडला गेला होता. एका भल्या माणसाने तशी नोंदही केली होती. पण ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

काका माझ्या ठिपक्यावर विसंबून तिथवर गेले. पाहतात तो बाकाच्या जागी खड्डा! पुढचा थांबा लांब, मागे फिरायला दम नाही. त्यांनी दिव्याचा खांब धरला. तिथल्या पहारेकऱ्याने रंगाचा रिकामा डबा उपडा करून त्यांना बसवले, पाणी दिले आणि बाईंना फोन केला म्हणून बरे.

घरी आल्यावर बाई माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या. त्यांनी माझ्या बटणावर बोट ठेवले. "बंद करते हे. खोट्या नकाशापेक्षा नकाशा नसलेला बरा."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी माफी मागितली असती.

"थांब गं," काका पलंगावरून म्हणाले. "थांबा हलवला म्हणून आम्ही बस बंद केली का कधी? पाटी लावायचो. याचीही पाटी लाव. कुठल्या दिवशीचा नकाशा आहे ते कळू दे. आणि रोज बघायचं काम माझ्याकडे दे."

बाईंनी जुने चौकोन पुसून मला मोकळे केले. आता नकाशाच्या कोपऱ्यात ठळक तारीख असते. चहा घेता घेता काका ती मोठ्याने वाचतात, आणि ती शिळी निघाली तर भाचीची झोपमोड होते! कुठला बाक डुगडुगतो, कुठे सावली नाही, तेही ते हिंडून टिपतात.

माझा पंखा फार दिवस साथ देईल असे वाटत नाही. त्याचे मला दुःख नाही. माहिती सगळ्यांची आहे, ती दुसऱ्या संगणकात मावेल. तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या गल्लीतला बाक हलला, वाट बुजली, तर 'आपल्याला काय त्याचे' म्हणून पुढे जाऊ नका. नोंद करा. कोणीतरी त्या ठिपक्याच्या भरवशावर घरातून निघालेले असते.

मागच्या आठवड्यात काकांनी आमच्याच फाटकाबाहेर एक लाकडी बाक ठोकून घेतला आणि नकाशात ती नोंद चष्मा लावून, स्वतःच्या बोटाने केली. काल दुपारी बाई माझ्या डोक्यावर शिलाई मशीन चालवत होत्या, तेवढ्यात बाहेर लाकूड करकरले. काका खिडकीशी गेले आणि कुजबुजले, "अगं, मशीन थांबव जरा. कोणीतरी बसलंय."