भिंतीकडचा वाफा

दोघी जावांचं बाकी सगळं छान जमायचं. स्वयंपाक, मुलं, नवऱ्यांची चेष्टा, बाजारातला गाळा, कशावरूनही कधी भांड्याला भांडं लागलं नाही. वाजायचं ते फक्त टोमॅटोवरून.

थोरलीकडे तिच्या आईने जपलेलं बी होतं. फळ मोठं, मांसल, खाणाऱ्याने बोटं चाटावीत असं, पण भारी सुस्त. सगळ्यांचा माल येऊन भाव पडला की मग हे महाराज निवांत लाल व्हायचे. धाकटीने दुकानातून लवकर पिकणारं वाण आणलं होतं. बुटकं झाड, लहान फळं, पण बाजारात सगळ्यांच्या आधी हजर. थोरली त्याला 'उतावळा नवरा' म्हणायची, आणि तेही धाकटीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

परसात दिवसभर ऊन मिळायचं ते भिंतीकडच्या वाफ्यालाच. यंदा त्यात दोघींनी अर्धं अर्धं लावलं. थोरलीने आपली रोपं कितीतरी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीत वाढवली होती. त्याच जोरावर तिने पैज लावली, की जिचं फळ आधी लाल होईल तिचा पुढच्या वर्षी अख्खा वाफा, दुसरीने मागच्या झाडाखाली जायचं. त्या सावलीत टोमॅटो नाही, शेवाळ पिकतं. तिथे आपलं वाण पिकायच्या आत थंडी पडेल आणि आईचं बी धरायला एक फळ हाती लागणार नाही, हे थोरलीला बोलून गेल्यावर सुचलं. मग रोज सकाळी ती चहाच्या आधी वाफ्यावर जायला लागली.

आणि एके दिवशी तिच्या बाजूला, पानांच्या आड, एक फळ चांगलं लालभडक दिसलं. धाकटीची अजून हिरवीच होती. झालं, थोरलीने घरभर दवंडी पिटली, शेजारणीला हाक मारून दाखवलं. दिराने चक्क "मानलं, वहिनी" म्हटलं. धाकटी आली, तिने बघितलं, "जिंकलात, जाऊबाई," म्हणाली आणि कामाला गेली.

दुपारी थोरलीने फळ तोडलं, उलटं केलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. खाली काळं भोक होतं आणि आत अळी. किडलेलं फळ घाईघाईने लाल होतं, हे परसात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चिरून भाजीत टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागणार होता? तिने सुरी घेतलीसुद्धा. आईचं बी डोळ्यांसमोर होतं, खोटं कशाला बोला. मग तिला स्वतःचाच राग आला आणि फळ तसंच हातात घेऊन ती धाकटीला शोधायला निघाली.

धाकटी मागे, झाडाखाली होती. घामाघूम होऊन कुदळीने जमीन खणत होती.

"हे काय चालवलंयस?"

"वाफा करतेय. पुढच्या वर्षी मला इथेच यायचंय ना."

थोरलीने फळ उलटं करून पुढे धरलं. म्हणाली, "किडलंय. मी जिंकले नाही."

धाकटीने त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "माहीत आहे. काल पाणी घालताना बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"माझं बी काय, दुकानात कधीही मिळेल. तुमच्या आईचं कुठून आणायचं?"

थोरलीने पुढे होऊन धाकटीच्या हातातली कुदळ काढून घेतली.

"चल तिकडे. वाफा अर्धा तुझा, अर्धा माझा. बाजारात तुझे जातील, घरात माझे खाऊ."

"आणि पैज?"

"पैज या अळीने जिंकली," थोरली म्हणाली, आणि धाकटी हसत हसत मातीतच बसली.