अंगठा लागत नाई

माहं तोंड फटकळ आहे, साऱ्या गावाले माहीत आहे. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात बसणाऱ्यानं गोड बोललं का लोक डोक्यावर बसतात, असं मी सरितेले सांगतो. सरिता माही बायको. ती म्हणते, "तुमच्या तोंडात तंबाखूचा खर्रा नसला तं शिव्या असतात, अन् खर्रा असला तं दोनही."

दुकानात सारा खेळ मशीनचा. तिच्या काचेवर अंगठा ठेवा लागते. खालून लाल उजेड पडते, मशीन अंगठ्याचा फोटो काढते अन् आधारमधल्या फोटोसंग जुळवून पाह्यते. जुळला तं पावती निघते, नाई जुळला तं टूं करते अन् लाल अक्षरं येतात. मंग दाणा द्यायचा नाई. पोरासोरायचा थम, म्हणजे अंगठा, फटकन लागे, म्हाताऱ्यायचा अडे. काऊन? तं बोटं झिजले. हे मले कोणी शिकवलं नवतं, मीच ठरवून टाकलं होतं.

धुरपताबाई तलावाच्या पाळीवर एकटी राह्यते. ढिवराची बाई, सारा जन्म जाळी विणण्यात अन् मासे विकण्यात गेला. पोरगा मिरची तोडायले तेलंगणात गेलेला. अंगठ्याबदली चालणारा ओटीपी जाते त्याच्या मोबाइलवर अन् तो मोबाइल बंद. म्हणजे तांदूळ पायजे असला तं तिच्या अंगठ्याबिगर रस्ता नाई.

ती आली, अंगठा लावला, टूं. दहाही बोटं लावून पाह्यले, तरी टूं. मागची लाइन कुरकुरायले लागली तसा मी भडकलो.

"काय जी धुरपताबाई, सारं तलाव हातावर घेऊन आल्या का? माशाचा चिकट आहे बोटायवर. जा, घासून धुऊन या. रेघा दिसल्या पायजे रेघा!"

लोक हासले. ती बी हासली बिचारी. "हाव भाऊ, घासून येतो," म्हणून गेली.

पुन्हा आली तवा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. "खापरीनं घासले जी," ती म्हणे. मशीन टूं. मी मान वर न करता म्हटलं, "अजून घासा." बस, एवढंच. ती गेली कधी तेही मले समजलं नाई.

मंग एक दिवस सरिता दुकान झाडायले आली अन् मशीनजवळ येऊन किंचाळली.

"अवो, हे काय थापून ठेवलं काचेवर? शी!"

तिनं ओलं फडकं फिरवलं. फडक्यावर कत्थई डाग, पांढरट कडा. तिनं ते माह्या नाकापुढं धरलं. सुपारी, तंबाखू, चुना. माहाच खर्रा! सकाळी मशीन सुरू करायले पहिला अंगठा माहा लागते, अन् त्याच हातानं मी खर्रा तोंडात टाकतो.

"एवढ्यानं काय होते?" मी म्हटलं. "माहा तं रोज लागते."

"तुमचा हा ठसठशीत अंगठा, लागणारच. धुक्यात बैल दिसते, कोंबडी दिसते का?"

बायकोचं म्हणणं मी कधी एका दमात मानत नाई. पण तेवढ्यात मनसारामभाऊ आला. पार थकलेला माणूस, त्याचा थम लागत नवता म्हणून दरवेळी सुनेले यावं लागे. त्यानं अंगठा टेकवला अन् पावती खडखड बाहेर! तो एवढा खूश झाला का मशीनच्या पाया पडला. मी मात्र फडक्यावरचा डाग पाहून राह्यलो. त्याचे बोटं काल तेच होते, आजही तेच. मळकी माही काच, अन् हात धुवायले मी लोकायले पाठवून राह्यलो. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात ते हेच.

अन् मंग धुरपताबाई आठवली. लाज वाटली, सरळ सांगतो, लय लाज वाटली. दुकान सरितेच्या हवाली केलं अन् गाडी काढली.

ती दारात बसून पेज पिऊन राह्यली होती. कणी शेजारच्या शकुबाईनं दिलेली. मले पाहून गडबडून उठली.

"चाला, आज थम लागते तुमचा," मी म्हटलं.

"खरंच का जी?" एवढीशी झालेली बाई, पण पोरीसारखी पिशवी घेऊन गाडीवर बसली. रस्ताभर पोराच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती. मी हूं हूं करत होतो.

दुकानात तिनं अंगठा ठेवला. टूं.

"दुसरं बोट ठेवा." टूं. तिसरं. टूं.

तवा मी पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला. बोटायची टोकं लालबुंद, सोललेली, कुठी खपली, कुठी नवी कातडी काचेसारखी गुळगुळीत.

"हे काय केलं जी?"

"खापरीनं काई निघेना, मंग दगडानं घासले. रोज घासतो," ती म्हणे. "अजून घासा म्हटलं होतं ना तुमी."

आवाजात राग नवता. राग असता तं बरं झालं असतं. काच स्वच्छ होती, मशीन खरं बोलून राह्यली होती. रेघा नवत्याच आता.

मी साऱ्या लाइनसमोर बोललो, "माय, तुमच्या हाताले काई झालं नवतं. काच मळकी होती. माह्या खर्र्यानं."

कोणी हासलं नाई. सरितेनं आमच्या घरच्या डब्यातला तांदूळ आणला अन् धुरपताबाईच्या पिशवीत ओतायले गेली. तिनं पिशवी मागं घेतली.

"नको जी बाई. थम लागल्याबिगर दाणा नाई, भाऊच सांगते. उद्या लोक मले चोर म्हणतीन."

"हा कंट्रोलचा नाई, आमच्या घरचा आहे," मी म्हटलं.

"तरी नको." तिनं पिशवीची घडी केली, बोटं दुखतील म्हणून तळहातानंच. मंग माह्याकडं पाह्यलं. "रेघा कधी येतीन तेवढं सांगा भाऊ, तवा येतो."

गावात कोणाचंही काई अडलं का मी फटकन उत्तर देतो.

"मले माहीत नाई, माय," मी म्हटलं.