पुतळा आणि पुढचं पान

मी एक जुना प्लास्टरचा पुतळा आहे. पुतळा म्हणजे नुसतं डोकं आणि खांदे. चेहरा एका थोर बंगाली लेखकाचा. मूर्तिकाराने त्यांचा फोटो समोर ठेवून माझ्या डोळ्यांत करुणा आणली आणि काम झाल्यावर तो हात धुऊन जेवायला गेला. आतून मी पोकळ आहे, हे मला उचलणाऱ्यांनाच ठाऊक.

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य बायकांच्या एका वाचनालयात गेलं. ते मावशींनी उभारलं. मावशी तिथल्या ग्रंथपाल. तरुणपणी त्यांनी या लेखकाची कादंबरी वाचली. तिची नायिका नवऱ्याला विचारते, ‘मला विचारलं होतं का कुणी?’ आणि घराबाहेर पडते. मावशीही तशाच बाहेर पडल्या, शिकल्या, आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. रोज सकाळी त्या मऊ फडक्याने माझं नाक, कान पुसायच्या.

लेखकांच्या जन्मदिनी एक मुलगी माझ्यासमोर उभी राहून नायिका बाहेर पडते ते पान वाचायची. नायिकेच्या मागे दार लागलं की मावशी पुस्तक मिटायच्या. सगळ्या टाळ्या वाजवायच्या. मलाही वाटायचं, आपण किती मोठे.

यंदा वाचणार होती भिंगरी. तिची आई वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांची बांधणी करते. ती कादंबरी खिळखिळी झाली होती, म्हणून आईने ती घरी नेली आणि ती शिवत असताना भिंगरीने पुढचं वाचून काढलं. पुढे नायिका परत येते. नवऱ्याचे पाय धरते. लेखक लिहितात, स्त्रीचा हक्क म्हणजे घरातल्यांचं प्रेम, त्यापलीकडे मागणं हा हट्ट.

भिंगरी म्हणाली, मी तेही वाचणार.

 माझ्यासमोर खुर्च्या मांडताना आई स्वतःशीच पुटपुटत होती. पोरीला गप्प बसवलं तर ती काय शिकेल? वाचू दिलं तर मावशींच्या काळजाला किती लागेल? शिवाय हातातलं काम गेलं तर? शेवटी तिने मावशींना सांगितलंच. मावशींचा चेहरा उतरला. त्या एवढंच म्हणाल्या, “तिला म्हणावं, आधी माझ्याएवढी हो. मग तपास त्या लेखकांना.”

जन्मदिनी भिंगरी उभी राहिली. दार लागलं. मावशींनी पुस्तकासाठी हात पुढे केला. भिंगरीने आईकडे पाहिलं. आईने होकारार्थी मान हलवली.

भिंगरीने पान उलटलं आणि शेवटपर्यंत वाचलं. टाळी एकही वाजली नाही. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, थोरामोठ्यांच्या चुका काढायची फॅशनच आलीय. दुसरी म्हणाली, मग हे डोकं इथे कशाला हवं?

सगळ्या गेल्यावर मावशी माझ्याजवळ आल्या. आई तिथेच उभी होती. म्हणाली, “मावशी, चुकलं का माझं?”

“पुढचं मी तेव्हाच वाचलं होतं गं,” मावशी म्हणाल्या. “मला बाहेर पडायला आधीचं पान पुरलं. पुढचं पोरींना दाखवायची भीती वाटली. मला वाटलं, एखादी परत जाईल.”

आईवर त्या रागावल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुसलं नाही. त्यानंतरही नाही.

आता मला उंच चौथऱ्यावरून उतरवून मुलांच्या पुस्तकांच्या बुटक्या कपाटावर ठेवलंय. डोळ्यांवर धूळ साचलीय. अधूनमधून भिंगरी येते, फ्रॉकच्या टोकाने माझे डोळे पुसते आणि हळूच विचारते, “तिला परत का आणलंत?”

मित्रांनो, मी प्लास्टरचा. उत्तर ज्यांनी द्यायचं ते आता नाहीत. मला फेकू नका, मावशींना ज्यांनी दार दाखवलं त्यांचा हा चेहरा आहे. पण मला पुन्हा उंचावरही ठेवू नका. तिथून तिचा प्रश्न मला ऐकू येणार नाही.